डॅम्पर नवा, थरथर जुनीच

ताशी ७५-८० किलोमीटरचा वेग. पुलावरच्या सांध्यावरून किंवा एखाद्या बारक्या खड्ड्यावरून पुढचं एक चाक जातं आणि स्टेअरिंग हातातून सुटू पाहतं. पुढची दोन्ही चाकं सेकंदाला सहा-आठ वेळा डावी-उजवीकडे झटके देऊ लागतात, डॅशबोर्ड खडखडतो, आरशात काही म्हणता काही दिसत नाही. वेग चांगला उतरेपर्यंत हे थांबत नाही. अमेरिकेतले जीपवाले याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात, आपले मेकॅनिक नुसतं ‘वॉबलिंग’.

यानंतर मालक गॅरेज गाठतो आणि बहुतेक वेळा एकच वस्तू बसवून बाहेर पडतो: स्टेअरिंगचे झटके अडवणारा जाडजूड, रंगीत स्टेअरिंग डॅम्पर. दुकानात तो ‘स्टॅबिलायझर’ या नावाने मिळतो. थरथर कमी होते. काही महिन्यांनी ती परत येते, तेव्हा दुकानदार एकाऐवजी दोन बसवायला सुचवतो.

हा आजार मुख्यतः अखंड पुढच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकाच दणकट लोखंडी तुळईच्या टोकांना असलेल्या गाड्यांचा. महिंद्राची जुनी एमएम ५४०, मारुतीची जिप्सी, आताची जिम्नी, पुण्याजवळ रांजणगावात २०२१पासून जुळणी होणारी जीप रँग्लर, सगळ्या याच जातीच्या. खडकाळ वाटेवर हा अ‍ॅक्सल उत्तम. एक चाक वर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, पकड सुटत नाही. पण डांबरी रस्त्यावर हीच जोडणी अंगाशी येऊ शकते. फिरणाऱ्या चाकाला तिरकं केलं की ते वळायला बघतं, हा जायरोस्कोपचा गुण. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरपा होतो आणि दोन्ही चाकं एकदमच वळायला बघतात.

वळली तर वळली, परत सरळ का होत नाहीत? होतात, पण जरा उशिरा, आणि सगळी गोम या उशिरात आहे. चाक किंचित वळलं की टायर त्याला सरळ करणारा जोर लावतो. मात्र रबर लवचिक असल्यामुळे तो जोर लगेच तयार होत नाही, टायरला आधी थोडं अंतर गडगडत जावं लागतं. तेवढ्यात चाक मध्यावर येऊन पलीकडे निघालेलं असतं. मग अडवायला आलेला जोर त्याला उलट ढकलूनच देतो. प्रत्येक हेलकाव्यात अशी थोडी थोडी ऊर्जा भरत जाते, आणि ती येते गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतून. म्हणूनच वेग उतरवला की थरथर मरते. सुपरमार्केटच्या ढकलगाडीचं एखादं चाक वेड्यासारखं फडफडतं ना, ते याच कुळातलं.

टायर बॅलन्स नसल्यामुळे होणारी थरथर वेगळी. ३१ इंची टायरचा घेर साधारण अडीच मीटर असतो, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला ते चाक सेकंदाला आठ फेरे मारतं. एका बाजूला वजन जास्त असेल तर दर फेऱ्याला एक धक्का बसतो, आणि तो स्टेअरिंगच्या स्वतःच्या लयीशी जुळला की थरकाप होतो. वेग थोडा बदलला की ही थरथर जाते. वॉबल तशी जात नाही, पण ही थरथर तिला चेतवू मात्र शकते.

या प्रश्नावर अभ्यासही जुना आहे. १९२०च्या दशकात मोटारींना मऊ, फुगीर टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि अभियंते ‘शिमी’ने, म्हणजे चाकांच्या अशाच फडफडीने, हैराण झाले. १९३४च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली, त्यामागे आरामाबरोबर हेही एक कारण होतं. विमानाच्या नाकाखालचं चाक धावपट्टीवर असंच फडफडतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे हान्स पासेइका यांनी १९६६मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला, आणि त्यांची टायरची सूत्रं आजही मोटार उद्योगात वापरतात.

आता डॅम्पर. तेल भरलेली ही नळी हळू हलवली तर सहज हलते, झटक्यात हलवली तर अडते. खडकाळ चढावर चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग उसळून अंगठा मोडू शकतो, तिथे डॅम्पर खरंच कामाचा आहे. जिम्नीला तो कंपनीतूनच येतो, रँग्लरलाही.

मग वॉबलवर तो उपयोगी नाही असं म्हणावं का? जाणकार मंडळी तसं छातीठोकपणे सांगतात, मला ते अर्धंच पटतं. हेलकाव्यात भरणाऱ्या ऊर्जेपेक्षा डॅम्पर जास्त ऊर्जा खात असेल तर वॉबल सुरूच होणार नाही, हे सरळ गणित आहे. २०१९मध्ये जीप बनवणाऱ्या फियाट क्रायस्लरने नव्या पिढीच्या रँग्लरचे डॅम्पर मोफत बदलून दिले. थंडीत जुन्या डॅम्परच्या तेलात बुडबुडे होऊन त्याचा जोर कमी पडतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणजे नवीकोरी गाडीसुद्धा काही प्रमाणात त्या नळीच्या भरवशावर होती.

पण जुन्या किंवा लिफ्ट किट टाकून उंच केलेल्या गाडीचा दोष सहसा दुसरीकडे असतो, तो म्हणजे ‘प्ले’, जोडांमधली ढिलाई. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा एक दांडा असतो, ट्रॅक बार. त्याचा बोल्ट सैल झाला की भोक हळूहळू लांबट होतं. चाकांना जोडणाऱ्या दांड्याची टोकं, म्हणजे टाय रॉड एंड, झिजतात, जोडांमधले रबरी बुश फाटतात, जिप्सीत चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंगना ढिलाई येते. त्या ढिल्या जागेत चाकाला आवरणारं कोणीच नसतं. लहान धक्के पचतात, म्हणून गाडी महिनोन्महिने गुणी वाटते, आणि एक जरा मोठा धक्का तिला थेट हेलकाव्यात फेकतो. नवा डॅम्पर या धक्क्याची मर्यादा वर नेतो एवढंच. खाली बोल्टचं भोक रुंदावतच राहतं. शिवाय गॅस भरलेला डॅम्पर असेल तर त्याचा दांडा सतत बाहेर यायला बघतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

ढिलाई शोधायला दोन माणसं पुरतात. गाडी सपाट जागी चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून एकेका जोडावर नजर आणि बोट ठेवायचं. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर मागे राहतो, तिथे पैसे खर्च करायचे. ट्रॅक बारचा बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचा, जॅकवर टांगून नव्हे, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. हे सगळं घट्ट झाल्यावर टायर बॅलन्स आणि अलाइनमेंट. डॅम्परचा विचार त्यानंतर.

प्रत्यक्ष रस्त्यावर वॉबल सुरू झालीच तर स्टेअरिंगशी कुस्ती खेळू नये. अंगठे आऱ्यांच्या बाहेर ठेवून ते नुसतं घट्ट धरावं, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, ब्रेक हळूहळू दाबत वेग उतरू द्यावा आणि कडेला थांबावं.

२०२०नंतरची थार किंवा २०२१नंतरची फोर्स गुरखा असेल तर त्यांची पुढची चाकं एकमेकांपासून सुटी आहेत. त्यांचं स्टेअरिंग ऐंशीला थरथरत असेल तर आधी टायरवाल्याकडे जावं.