सुईतून अंगात रोबोट जुळतो का?
"सुईतले नॅनो कण अंगात आपोआप जुळून रोबोट बनतात अन् मोबाईलनं कंट्रोल होतात" हा फॉरवर्ड गावच्या ग्रुपवर दर हंगामात फिरतेच. वाचून धास्ती वाटणारच बा. आपोआप जुळणारे कण असतात हे खरंच आहे, जसे काही पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या (प्रथिनांच्या घटकांच्या) छोट्या साखळ्या, पण त्यांचा पाणी टाळणारा भाग आत लपते, हायड्रोजन बंध (रेणूंमधली हलकी ओढ) एकमेकांले धरून ठेवतात अन् धागे नाहीतर नळ्या तयार होतात, बस. त्यात ना बॅटरी ना अँटेना, मग मोबाईल बोलन कोणाशी? उलट 16 अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडची जेल ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायले वापरतात. जुळणं पाहायचं असन तर जिलेटिन गरम पाण्यात विरघळवा, गार झालं की साखळ्या जुळून थिजते, तापवलं की परत पातळ. अन् सुईत काय हाय ते डब्यातल्या कागदावर छापलेलं असते, दवाखान्यात सिस्टरताईले मागून वाचा.