उत्तर देणं परवडत नाही
ब्रिटिश संसदेत मंत्र्याला प्रश्न विचारल्याची पहिली नोंद 1721 सालची, लॉर्ड्स सभागृहातली. शेअर घोटाळ्यात सापडलेल्या साउथ सी कंपनीचा पळून गेलेला रोखपाल पकडला गेला, ही बातमी खरी का, एवढंच अर्ल काउपर यांना हवं होतं. लेखी उत्तरांची सोय 1902 मध्ये आली, तीही सभागृहाचा वेळ वाचावा म्हणून. वेळ वाचला, पण काम मंत्रालयातल्या टेबलांवर गेलं.

1909 पासून वृद्धांना पेन्शन मिळू लागलं, 1948 मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमा आला, आणि प्रश्नांचं स्वरूपच बदललं. खासदाराच्या भेटीच्या वेळेत कुणीतरी अडकलेल्या भत्त्याचा कागद घेऊन येतो. मग खासदार विचारतो, ‘माझ्या मतदारसंघात असे किती जण?’ प्रश्न एका ओळीचा. पण माहिती एकत्र ठेवलेली नसेल तर कुणालातरी एकेक फाइल उघडून मोजावं लागतं. अशा वेळी ठरलेलं वाक्य येतं: ‘ही माहिती अवाजवी खर्च करूनच देता येईल.’ अवाजवी म्हणजे किती, याला सरकारने आकडा लावला. तो वाढत वाढत 850 पाउंडांवर गेला. उत्तराचा खर्च त्यापुढे जाणार असेल, तर खातं नकार देऊ शकतं. अंदाज बांधणार तेच खातं, ही यातली गंमत.

एप्रिल 1991 मध्ये भत्ते वाटायचं काम बेनिफिट्स एजन्सी या वेगळ्या सरकारी संस्थेकडे गेलं, तेव्हा निराळाच पेच झाला. मंत्री प्रश्न एजन्सीच्या मुख्याधिकाऱ्याकडे पाठवत. तो खासदाराला पत्र लिही आणि त्याची प्रत संसदेच्या ग्रंथालयात ठेवली जाई. हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या छापील इतिवृत्तात, मजकूर येतच नसे. उत्तर दिलं म्हणायचं, पण ते लोकांच्या हाती लागायचं नाही. न्यूपोर्ट वेस्टचे मजूर पक्षाचे खासदार पॉल फ्लिन यांनी ही पत्रं गोळा करून छापायला सुरुवात केली. अखेर 1992 मध्ये ती हॅन्सार्डमध्ये येऊ लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत कामाचा हट्ट तोच.

2012 च्या कायद्याने युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे अनेक भत्त्यांऐवजी एकच भत्ता, आणलं, अपंगांच्या भत्त्याची नव्याने तपासणी सुरू झाली, आणि प्रश्नांना नवे विषय मिळाले. आता बरीच आकडेवारी भत्ते सांभाळणाऱ्या खात्याच्या स्टॅट-एक्सप्लोर या संकेतस्थळावर असते, आणि ‘तिथे पाहा’ एवढंही उत्तर म्हणून चालतं. तिथे नसलेला आकडा विचारला, की पुन्हा 850 पाउंडांचा हिशोब.