आषाढात हिरवं पाणी कुठून आणायचं?

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचा) अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. पुढे हळूहळू नदीतून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, गोळा करणं मागे पडलं. हंगाम मात्र फारसा बदलला नाही. कटला, रोहू, मृगळ हे कार्प आजही मुख्यतः ऐन पावसाळ्यात विणीला येतात. साताऱ्याच्या पश्चिम भागात, वाई-पाटणच्या बाजूला बीज तयार करायचं म्हटलं तर खरी अडचण इथेच आहे.

अंड्यातून निघालेलं मत्स्यजिरं पहिले तीनेक दिवस पोटाखालच्या बलकावर जगतं. बलक संपला की त्याला तोंडात मावेल असा जिवंत घास लागतो, मुख्यतः रोटिफर. हा जीव मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असतो आणि काही मायक्रॉनच्या सूक्ष्मशैवालावर पोसतो. शैवालाला लागतं ऊन. संगोपन तळ्यात शेण, शेंगदाण्याची पेंड आणि सुपर फॉस्फेट टाकतात ते पाणी हिरवं व्हावं आणि पुढची ही साखळी चालू व्हावी म्हणून. पण आषाढात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, खत टाकूनही पाणी हिरवं होत नाही. चौथ्या दिवसाचं मत्स्यजिरं तर फार काळ थांबू शकत नाही.

म्हणून शैवाल उन्हाच्या दिवसांत वाढवून, घट्ट करून ठेवायचं. कोळंबी आणि समुद्री माशांच्या हॅचऱ्यांमध्ये, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रांमध्ये, अशी शैवालाची पेस्ट वापरतात. एक मिलिलिटर दाट हिरव्या पाण्यात काही कोटी पेशी असतात, तेवढ्याच पेस्टमध्ये अब्जावधी. जपानमध्ये रोटिफरसाठी गोड्या पाण्यातल्या क्लोरेला या सूक्ष्मशैवालाची पेस्ट करतात आणि तिला बी-१२ जीवनसत्त्वाची जोड देतात. रोटिफरला ते लागतंच आणि क्लोरेला स्वतः ते बनवत नाही.

पाणी काढून टाकायला सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात फिरवून जड-हलकं वेगळं करणारं यंत्र, लागतं. दुधातून साय वेगळी काढणारं क्रीम सेपरेटर हेही सेंट्रिफ्यूजच, आणि शैवाल गोळा करायला ते वापरलंही गेलंय. पेस्ट टिकते साधारण ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे गावच्या दूध संकलन केंद्रातला बल्क कूलर ज्या तापमानाला चालतो तेवढ्यालाच. सातारा-सांगलीत ही यंत्रं चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं गावोगाव आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुधाचंच यंत्र वापरायचं नाही, शैवालासाठी वेगळं हवं. शिवाय पेस्ट साध्या फ्रीजरमध्ये टाकायची नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, आतलं सत्त्व पाण्यात उतरतं.

पेस्टच्या मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात. जिवंत शैवाल टाकीतला अमोनिया शोषतं, उजेडात ऑक्सिजन सोडतं. पेस्टमधल्या पेशी बहुतेक मेलेल्या किंवा निपचित असतात, त्या यातलं काही करत नाहीत. हवा खेळती नसेल तर त्या तळाशी बसून कुजतात, मग अमोनिया उलट वाढतो. त्यामुळे ती पाण्यात नीट घोटून, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा द्यायची आणि आधीचा हिरवा रंग फिकट झाल्याशिवाय पुढचा डोस टाकायचा नाही. आणि ती द्यायची आडोशाच्या टाकीतल्या रोटिफरना. मोकळ्या तळ्यात ओतली तर पैसा पाण्यात जातो.

वेळेचं गणित उलट्या बाजूने मांडावं लागतं. इंजेक्शननंतर काही तासांत मासे अंडी घालतात, अंडी १४ ते १८ तासांत उबतात, बलक तीन दिवसांत संपतो. म्हणजे हाताशी चार-पाच दिवसच. रोटिफरची टाकी त्याच्या आठवडाभर आधी पेस्टवर चालू झालेली हवी. दुष्काळी माण-खटाव, जत-आटपाडीच्या शेततळ्यांना बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) लागते ती तळी भरल्यावर, आणि तिची तयारी त्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातल्या क्लोरेलापासून करावी लागते.