६ फेब्रुवारी : वसईचे गोन्सालो आणि बाकीचे पंचवीस

फेब्रुवारीची सहा तारीख आली की वसईत एकच नाव घेतलं जातं, संत गोन्सालो गार्सिया. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मासाठी मारल्या गेलेल्या सव्वीस जणांतले ते एक. भारतातल्या चर्चच्या कॅलेंडरातही त्या दिवशी त्यांचंच नाव आहे. रोमचं कॅलेंडर उघडलं तर मात्र तिथे दिसतं 'संत पॉल मिकी आणि सोबती'. आपले गोन्सालो त्या 'सोबतीं'त. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाच्या कॅलेंडरात पहिला मान पेद्रो बाप्तिस्ता यांचा, मेक्सिकोत फेलिपे दे जेसुस यांचा. माणसं तीच सव्वीस, मरणही एकाच दिवशीचं. ज्याने त्याने आपला माणूस पुढे उभा केला आहे.

तारखेचीही एक गंमत आहे. हे सव्वीस जण मारले गेले ५ फेब्रुवारी १५९७ रोजी. पण ५ तारीख त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून सिसिलीच्या संत आगाथाच्या सणाची. त्यामुळे १९६९ मध्ये रोमच्या कॅलेंडराची फेरमांडणी झाली तेव्हा यांच्या वाट्याला सहा तारीख आली. जपानमध्ये अजूनही पाचच पाळतात.

वसई पोर्तुगिजांकडे गेली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने. गोन्सालो जन्मले १५५६-५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिकले जेजुइटांकडे, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक संघाच्या लोकांकडे, आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. भाषा अशी आत्मसात केली की पुढे तीच त्यांची ओळख झाली. जेजुइट संघात मात्र त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग काही वर्षं व्यापार केला, त्यात जम बसला, आणि तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन झाले. फादर नव्हे, ब्रदर. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकार त्यांना कधीच नव्हता.

१५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता स्पेनचे दूत म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून वसईचा हा ब्रदर बरोबर होता. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता, पण अंमल ढिला होता. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं आणि चित्र पालटलं. आधी मिशनरी येतात आणि मागून स्पेनचं सैन्य, असं जहाजावरचाच कुणी बोलून गेला म्हणतात. तो बोलला असेल-नसेल. हिदेयोशीला माल हवा होता आणि संशय आधीपासूनच होता.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत हिदेयोशीच्या हुकमाने पकडलेल्या चोवीस ख्रिस्ती कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांवर बसवून त्यांची शहरभर धिंड काढली आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवत नेलं. वाटेत त्यांची सोय बघायला बरोबर आलेल्या दोघांनाही पकडलं. म्हणून निघाले चोवीस, पोहोचले सव्वीस. त्यांत गोन्सालोंसह सहा फ्रान्सिस्कन, पॉल मिकींसह तीन जपानी जेजुइट, बाकी सतरा साधे जपानी ख्रिस्ती. लुई इबाराकी हा पोरगा बारा वर्षांचा. निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसांना बांधलं आणि भाल्यांनी भोसकलं.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं गेलं. संतपद मिळायला ८ जून १८६२ उजाडावा लागला. मधल्या काळात गोन्सालोंच्या गावाचाच मालक बदलला होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चं ओस पडली. शाळेत आपण सगळे वसईची मोहीम शिकलो. त्याच तटाच्या आत वाढलेला एक मुलगा जपानमध्ये क्रुसावर गेला, हे पुस्तकात नव्हतं. आज किल्ल्यातलं जेजुइटांचं जुनं चर्च लोक गोन्सालो गार्सियांच्याच नावाने ओळखतात, आणि वसईत मिस्सा होते ती मराठीत.

कोकण किनाऱ्याला हे 'आणि सोबती' तसं जुनंच. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन मारले गेले. त्यांत नाव पुढे राहिलं ते टोलेंटिनोच्या थॉमस यांचं. १५८३ मध्ये गोव्यातल्या कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले, ते 'रुडॉल्फ आक्वाविवा आणि सोबती'. हे आक्वाविवा त्याआधी अकबराच्या दरबारात राहून आलेले. कुंकळ्ळीची गोष्ट मात्र एकाच बाजूने सांगून संपत नाही. देवळं पाडल्याचा राग गावात धुमसत होता, आणि नंतर पोर्तुगिजांनी बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या प्रमुखांना दगा देऊन मारलं. त्या प्रमुखांचं स्मारक आता कुंकळ्ळीत आहे.

नागासाकीचं स्मारक १९६२ चं, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. तिथे सव्वीस ब्राँझ मूर्ती एका ओळीत उभ्या आहेत, आणि त्यांत पोरांच्या मूर्ती उंचीला कमी आहेत.