स्वस्त इअरफोन पारखायचा कसा: आधी टिप, मग तानपुरा

दीड ते अडीच हजार रुपयांत मिळणारे वायरवाले इन-इअर इअरफोन आज इतके बरे आहेत की, एखादी जोडी 'पातळ', 'बोचरी' किंवा 'बास नसलेली' वाटली तर पहिला संशय जोडीवर नव्हे, ती, म्हणजे तिच्या टोकाची मऊ टिप, कानात कशी बसली आहे यावर घ्यावा. किंमत इथे फारशी वाटाडी होत नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं आणि त्यांच्या किमती शेजारी ठेवून पाहिल्या. कोणत्या वारंवारतेला किती आवाज येतो याचा आलेख आणि किंमत, या दोहोंत संबंध आढळला नाही. म्हणून काही प्रत्येक स्वस्त जोडी चांगली ठरत नाही. किमतीकडे बघून निवड होत नाही, पारख आपल्यालाच करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

डब्यावरच्या मजकुराचाही उपयोग थोडाच. '२० ते २०,००० हर्ट्झ' हा आकडा जवळपास प्रत्येक डब्यावर असतो, पण त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वरखाली होतो हे सांगितलेलं नसेल तर तो आकडा कोरा आहे. 'हाय-रेस'चं सोनेरी चिन्ह जपान ऑडिओ सोसायटीचं. त्यासाठी ४० किलोहर्ट्झपर्यंत आवाज निघावा लागतो, आणि तरुण माणसाचा कानही २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. एका बाजूला चार-पाच ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे इवले भाग) असल्याची जाहिरात तर सरळ दुर्लक्षित करावी. त्यांच्यात स्वरपट्टे नीट वाटून देणं अवघड आणि खर्चिक काम आहे. या किमतीत १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणारा) ड्रायव्हर नीट जुळवलेला असेल तर तो बहुधा बाजी मारतो.

आता कानाकडे वळू. कर्णनलिका साधारण २५ मिलिमीटर लांब, एका टोकाला कानाच्या पडद्याने बंद, दुसऱ्या टोकाला उघडी. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा स्वर घुमतो. ३४३ मीटर प्रतिसेकंद हा ध्वनीचा वेग ०.१ मीटरने भागला की ३,४३० हर्ट्झ येतात. प्रत्यक्षात हा अनुनाद ३ किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे पडतो. कानाची पाळी आणि नळी मिळून त्या भागात आवाज दहा-पंधरा डेसिबलने चढवतात. जन्मापासून आपण जग असंच ऐकतो, त्यामुळे मेंदूला तेच सपाट वाटतं.

इन-इअर घातला की नळीचं उघडं टोक बंद होतं आणि तो नैसर्गिक चढ नाहीसा होतो. इअरफोन जुळवणाऱ्याला ३ किलोहर्ट्झचा तो चढ मुद्दाम ड्रायव्हरमधून द्यावा लागतो. कमी दिला तर गायकाचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो, जास्त दिला तर बाईचा चढा स्वर कानात खुपतो. दरम्यान बंद नळीत नवा अनुनाद तयार होतो. टिपच्या टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंत २० मिलिमीटर अंतर उरलं असेल तर तो ८,५०० हर्ट्झच्या जवळ येतो. इअरफोन आणखी आत जाऊन ते अंतर १५ मिलिमीटरवर आलं तर थेट ११,००० च्या पुढे सरकतो. 'स' आणि 'श' यांची धार नेमकी याच परिसरात असते. तेव्हा एकाला कर्कश वाटलेली जोडी दुसऱ्याला गोड वाटू शकते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बासचं गणित याहून सरळ आहे. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये एक-दोन घन सेंटिमीटर हवा कोंडलेली असते. ड्रायव्हरचा पडदा तिला दाबतो, सोडतो, आणि हाच दाब म्हणजे बास. बारीकशी फट राहिली की खेळ संपला. पंक्चर ट्यूबमध्ये जोरात पंप मारला तर क्षणभर तरी दाब चढतो, हळूहळू भरलेली हवा मात्र भरता भरताच निसटते. तसंच ३,००० हर्ट्झच्या झपझप कंपनांना फटीतून निसटायला वेळ मिळत नाही, ५० हर्ट्झच्या संथ कंपनांना मिळतो. अशा गळतीने ५० हर्ट्झजवळ दहा डेसिबलहून जास्त आवाज सहज जातो. वरचे स्वर तसेच राहतात, आणि आपण म्हणतो, 'ट्रेबल (वरचे स्वर) फार आहे.'

टिप तपासायला फोनचीही गरज नाही. दोन्ही बाजू कानात घालून तोंड मिटून 'म्' असा खालच्या पट्टीत हुंकार द्यावा. नळी नीट बंद झाली असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, आणि दोन्ही कानांत सारखा घुमतो. एका बाजूला कमी घुमला तर तिथे फट आहे. मग फोनवर कुठल्याही टोन जनरेटर अ‍ॅपवर ५० हर्ट्झचा स्वर हलका लावावा आणि इअरफोन बोटाने किंचित आत दाबावा. दाबल्यावर स्वर एकदम भरला तर टिप लहान आहे. या चाचणीत ५० हर्ट्झची तुलना मधल्या स्वराशी करू नये. कान मुळातच खालच्या स्वरांना कमी संवेदनशील असतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. तुलना करायची ती दाबण्याआधीच्या आणि दाबल्यानंतरच्या आवाजाची.

टिप घालताना विरुद्ध हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते, आणि इअरफोन थोडा फिरवत आत सारावा. घालताना 'कट्ट' असा आवाज आला तर कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा वाकला असं समजावं. सावकाश घातलं की असं होत नाही. डाव्या-उजव्या कानाला वेगळ्या मापाची टिप लागणं अगदी सामान्य आहे, त्यात संकोच नको. सिलिकॉन बसतच नसेल तर फोमची टिप घ्यावी. ती बोटांत चुरगाळून बारीक करायची, आत घालायची आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायची. फोम वरचे स्वर थोडे मऊ करतो, त्यामुळे बोचऱ्या जोडीला तो औषध ठरतो आणि आधीच मवाळ असलेल्या जोडीला मारक. शेवटी जबडा उघडून-मिटून पाहावा, कारण नळीचा आकार त्याने बदलतो. बोलताना किंवा खाताना बास गायब होत असेल तर एक माप मोठी टिप. नॉझलला (टिप ज्यावर चढते त्या नळकांड्याला) टोकाशी कंगोरा नसेल तर काढताना टिप कानातच अडकू शकते. ती सहज हाती लागली नाही तर चिमट्याने कोरत बसण्याऐवजी कानाच्या डॉक्टरकडे जावं.

एवढं झाल्यावरच दोन जोड्यांची तुलना करण्यात अर्थ आहे, आणि तिथे दुसरा सापळा असतो तो आवाजाच्या पातळीचा. एक-दोन डेसिबल मोठी वाजणारी जोडी 'मोठी' न वाटता 'चांगली' वाटते: बास भरदार, बारकावे जास्त. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर गाण्याच्या आवाजाच्या पंधराच पायऱ्या असतात आणि एक पायरी कित्येकदा दोन-तीन डेसिबलची, म्हणजे तुलनेसाठी फारच ओबडधोबड. उपाय असा: पायरी तीच ठेवावी आणि जास्त वाजणाऱ्या जोडीसाठी स्वरपट्टे कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझर अ‍ॅपमधला 'प्रीअँप' (एकूण पातळी) अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने उतरवावा, एकट्या माणसाचं बोलणं दोन्हींत सारखं मोठं वाटेपर्यंत.

पारखायला काय वाजवावं? परदेशी परीक्षणांत येणाऱ्या गाण्यांच्या याद्या आपल्या कामाच्या नाहीत. ज्या वाद्याचा खरा आवाज समोर बसून ऐकलेला आहे, त्याचं ध्वनिमुद्रण घ्यावं. मराठी घरात तबला आणि तानपुरा यांच्याइतकं चांगलं साधन नाही, आणि दोन्हींमागचं भौतिकशास्त्रही अभ्यासलेलं आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं की तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांक पटीत बसतात. बहुतेक ढोलांचे बसत नाहीत. म्हणूनच तबला सुरात लावता येतो. पुढच्याच वर्षी त्यांनी तानपुरा आणि वीणा यांच्या पसरट घोडीवर लिहिलं. या पसरट घडणीमुळे, म्हणजे जवारीमुळे, तार घोडीला हलकेच घासत राहते आणि अशा उपस्वरांनाही जाग येते, जे साध्या तारेत छेडण्याच्या जागेमुळे उठायलाच नकोत.

पट्टी काळी एक धरली तर सा १३८.६ हर्ट्झचा आणि खर्जाची तार ६९.३ हर्ट्झची. तिचे उपस्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जातात. तार छेडल्यावर उपस्वरांची एक लाट वरून खाली सरकताना ऐकू येते. चांगल्या इअरफोनमध्ये ती विनाखंड सरकते. इअरफोनच्या आलेखात कुठे टोकदार सुळका असेल तर दर वेळी तोच एक उपस्वर शिटीसारखा पुढे येतो, मग तार कुठलीही छेडा. फार भारी उपकरणांशिवाय सुळका पकडायची याहून सोपी युक्ती नाही. खात्री करायची असेल तर आवाज अगदी कमी ठेवून २ ते १० किलोहर्ट्झचा सरकता स्वर वाजवावा. जिथे तो अचानक टोचतो, तिथे थांबून इअरफोन एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर करावा. टोचण्याची जागा सरकली तर तो तुमच्या नळीचा अनुनाद, जागेवरच राहिली तर ड्रायव्हरचा दोष.

बास तपासायला मात्र तानपुरा निरुपयोगी आहे. खर्जाच्या तारेचा मूळ स्वर तसा क्षीणच असतो आणि तो साफ गाळला तरी मेंदू उपस्वरांच्या अंतरावरून तो भरून काढतो. फोनच्या इवल्या स्पीकरवरही तानपुऱ्याचा खर्ज 'ऐकू' येतो तो यामुळेच. बाससाठी डग्गा घ्यावा. तळवा सरकवत काढलेल्या 'घे'मध्ये स्वर वर चढत जातो. चढताना त्याचा जोर सारखा राहिला पाहिजे. मध्येच फुगला तर बासचा फुगवटा १०० ते २०० हर्ट्झच्या भागात आहे, आणि तोच पुढे गायकाच्या आवाजावर चढून बसतो. उजव्या तबल्याचा 'ना' चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, वाजतो. त्याचं टोक स्पष्ट हवं, पण त्यामागचा सूरही हवा. नुसती टिचकी ऐकू आली तर ३ ते ६ किलोहर्ट्झचा भाग चढा आहे.

डावी-उजवी बाजू जुळली आहे का, यासाठी जुनी नाट्यगीतं उत्तम. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, तेव्हा गायक बरोबर डोक्याच्या मध्ये उभा राहायला हवा. (नंतर कृत्रिम स्टीरिओ केलेल्या आवृत्त्या चालणार नाहीत, त्याऐवजी फोनच्या सेटिंगमधलं 'मोनो ऑडिओ' चालू करून कोणतंही गाणं लावावं.) आवाज एका बाजूला झुकला तर तीच जोडी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यावी. त्यांनाही त्याच बाजूला झुकलेला वाटला तर दोष इअरफोनचा आहे, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत तो परत करावा.

खरेदीआधी आलेख पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. हे आलेख बहुतेक '७११' नावाच्या कृत्रिम कानावर काढलेले असतात. तो खऱ्या कानासारखा वागतो तो १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात. ८ किलोहर्ट्झला दिसणारा सुळका बहुधा त्या कृत्रिम कानाच्या नळीचाच असतो. दुसरं म्हणजे आधी उभा अक्ष पाहावा: १०० डेसिबल मावणाऱ्या अक्षावर कुठलाही इअरफोन सपाट दिसतो. हार्मन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो श्रोत्यांच्या पसंतीवरून बांधलेली आदर्श आलेखाची 'हार्मन' रेषा चांगला संदर्भ आहे, पण तिच्यातला बास बऱ्यापैकी भरलेला असतो. ख्याल ऐकणाऱ्याला तो दोन-तीन डेसिबल कमी केलेला आवडू शकतो, आणि इक्वलायझरने हे फुकटात होतं.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर? नको. १६ ओहम रोधाची आणि एका मिलिवॉट शक्तीला १०५ डेसिबल आवाज देणारी जोडी धरू. तिला ०.१ व्होल्ट दिला तर ०.६ मिलिवॉटच्या आसपास शक्ती जाते आणि आवाज १०३ डेसिबलवर पोचतो, म्हणजे कानाला धोक्याच्याही पुढे. साधा टाइप-सी डोंगल (फोनला इअरफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) एक व्होल्टच्या आसपास देतो. फक्त त्यात ध्वनीची चिप आहे ना, हे पाहून घ्यावं. बिनचिपचे स्वस्त अडॅप्टर मोजक्याच फोनवर चालतात. ॲपलच्या डोंगलची युरोपात विकली जाणारी आवृत्ती निम्म्या व्होल्टेजची आहे आणि काही अँड्रॉइड फोनवर हा डोंगल पूर्ण आवाज देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला तास निम्मे होतात: ८९ ला पाचच. लोकलमध्ये टिप नीट बसली की बाहेरचा खडखडाट उतरतो आणि आवाज वाढवावा लागत नाही.

सुटी होणारी वायर असलेली जोडी घेतलेली बरी, कारण वायर आधी मरते, तीही बहुधा जॅकच्या मानेशी. ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची वायर सरळ ओढून काढावी, हलवत काढली की पिना वाकतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, एक बाजू अचानक दबली तर ड्रायव्हर गेला असं लगेच मानू नये. कानातली दमट हवा नॉझलच्या जाळीवर पाणी होऊन बसते किंवा मळ तिची छिद्रं बुजवतो. टिप काढून इअरफोन सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत रात्रभर ठेवावा. मग जाळी जमिनीकडे करून मऊ, कोरड्या ब्रशने झाडावी, म्हणजे मळ खाली पडतो, आत जात नाही. सुई किंवा टाचणी लावू नये, आणि जाळीवर स्पिरिट ओतू नये, ती गोंदाने चिकटवलेली असते. तरीही आवाज दबलेलाच राहिला तर नॉझलच्या व्यासाच्या चिकट जाळ्या सुट्या मिळतात. जुनी अलगद सोलून नवी लावावी, आणि दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात, नाहीतर डाव्या-उजव्याचा तोल बिघडतो.