फिलर आणि लेझर : रुग्णांच्या प्रश्नांमागचा इतिहास

चेहऱ्यावर फिलर (खोलगट भाग भरण्यासाठी त्वचेखाली टोचायचे द्रव्य) भरून घेण्यासाठी किंवा लेझर उपचारासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. भरलेले द्रव्य शरीरात कायमचे राहते का, परिणाम पसंत पडला नाही तर ते काढता येते का, आणि सावळ्या त्वचेला लेझर मानवेल का? हे प्रश्न भाबडे नाहीत, कारण यांतल्या प्रत्येकामागे कोणाला तरी झालेली इजा आहे.

1893 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक नॉयबर यांनी रुग्णाच्या दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरील खोलगट व्रण भरले. त्यानंतर काही वर्षांतच व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन हे मेणासारखे द्रव्य टोचण्याची पद्धत आणली आणि स्वस्त, झटपट म्हणून ती झपाट्याने पसरली. पुढे मात्र ते पॅराफिन मूळ जागेवरून सरकू लागले, त्याभोवती कठीण गाठी धरू लागल्या, आणि ते आजूबाजूच्या ऊतींमध्ये भिनलेले असल्याने शस्त्रक्रिया करूनही पूर्णपणे निघेना. विसाव्या शतकाच्या मध्यावर द्रवरूप सिलिकॉनच्या इंजेक्शनांनी हीच कहाणी पुन्हा घडवली. ‘काढता येते का’ हा प्रश्न म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

1981 मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीपासून बनवलेल्या कोलॅजेन या प्रथिनाला मान्यता मिळाली, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी येत असल्यामुळे आधी हातावर चाचणी करून काही आठवडे थांबावे लागे. आज सर्वाधिक वापरले जाणारे हायल्युरॉनिक आम्ल कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळे केले होते. ते आपल्या त्वचेतही असते. जसेच्या तसे टोचले तर लवकर विरून जाते, म्हणून त्याच्या साखळ्या रासायनिक रीतीने जोडून घट्टसर जेल तयार करतात. ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते आणि गरज पडल्यास हायल्युरोनिडेझ या विकराचे (एन्झाइमचे) इंजेक्शन देऊन विरघळवता येते. ही सोय सर्व फिलरना लागू नाही, त्यामुळे नेमके काय भरले जाणार हे रुग्णाने आधी विचारावेच.

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचेचा भाग मरू शकतो आणि क्वचित दृष्टीही जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. टोचताना किंवा नंतर त्वचा एकाएकी पांढुरकी पडणे, तिच्यावर जाळीदार निळसर छटा उमटणे, असह्य दुखणे किंवा अंधुक दिसणे ही धोक्याची लक्षणे असून त्यात सकाळपर्यंत वाट पाहणे परवडत नाही.

लेझरचा इतिहास 1960 मधील थिओडोर मेमन यांच्या माणिक लेझरपासून सुरू होतो आणि त्यातला एक धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी 1964 मध्ये अमेरिकेतील बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. त्याचा किरण त्वचेतल्या पाण्याकडून शोषला जातो, त्यामुळे वरचा थर अचूकपणे उडवता येतो. व्रण आणि सुरकुत्यांसाठी तो आजही वापरतात.

1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी दाखवून दिले की योग्य तरंगलांबी आणि पुरेसा अल्प स्पंदनकाळ (किरणाचा एक झोत टिकण्याचा वेळ) निवडल्यास भोवतालच्या त्वचेला फारशी झळ न लावता केवळ लक्ष्यच तापवता येते. केस आणि डाग यांच्या बाबतीत हे लक्ष्य म्हणजे मेलॅनिन, त्वचेला आणि केसांना रंग देणारे द्रव्य. सावळ्या माणसाची अडचण इथेच आहे, कारण त्याच्या बाह्यत्वचेतही मेलॅनिन भरपूर असते आणि किरण तिथेच अडून भाजणे किंवा नंतर काळे डाग पडणे असे प्रकार घडतात. त्वचेच्या प्रकारांची जी फिट्झपॅट्रिक वर्गवारी डॉक्टर वापरतात, तीही 1975 मध्ये प्रथम गोऱ्या त्वचेपुरतीच केलेली होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार तिच्यात नंतर जोडले गेले. आपल्याकडे केस काढण्यासाठी 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानतात, कारण या तरंगलांबीला मेलॅनिन कमी शोषते आणि किरण खोलवर मुळापर्यंत पोहोचतो. तरीही उन्हाने नुकत्याच काळवंडलेल्या त्वचेवर उपचार पुढे ढकलतात आणि पहिल्या बैठकीआधी लहानशा जागेवर चाचणी घेऊन पाहतात.