केराटोकोनस आणि कॉन्टॅक्ट लेन्स

केराटोकोनस या विकारात डोळ्याचे स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरचे पारदर्शक आवरण, मध्याजवळ पातळ होत जाते आणि शंकूसारखे पुढे येते. निरोगी स्वच्छमंडलाची मध्यावरची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन असते. विकार बळावल्यावर ती ४०० च्याही खाली जाऊ शकते. तो बहुधा वयात येताना सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहतो. दोन्ही डोळ्यांना होत असला तरी त्याचा जोर दोहोंत सारखा नसतो. सिलिंड्रिकल नंबर वारंवार बदलतो आणि पुढे चष्म्याने अक्षर स्पष्ट होत नाही. कडक लेन्सने मात्र ते होते, कारण लेन्सखालची ओबडधोबड फट अश्रूंनी भरून निघते आणि प्रकाशाला लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

१८८८ मध्ये झुरिचला आडोल्फ फिक आणि पॅरिसला यूजीन काल्ट यांनी काचेच्या लेन्स वापरून पाहिल्या; काल्ट यांनी तर याच विकाराच्या रुग्णांवर. लेन्सच्या दाबाने शंकू सपाट होईल, अशी काल्ट यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली, तरी ‘लेन्स लावली की नंबर थांबतो’ हा समज टिकून आहे. लेन्स काढल्यावर काही काळ आकार सपाट भासतो, पण तो पूर्ववत होतो. वाढ रोखण्यासाठी रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) आणि अतिनील किरणांचा क्रॉसलिंकिंग हा वेगळा उपचार आहे.

लेन्सचा स्वच्छमंडलावर होणारा परिणाम मुख्यतः ती कशी बसते यावर ठरतो. फार सपाट लेन्स शंकूच्या टोकावर टेकते आणि दर पापणीसरशी तिथेच घासते. वरचा थर आधीच नाजूक असल्याने तो खरवडला जातो आणि कालांतराने तिथे व्रण उरतो, ज्याला आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. हे फूल नेमके दृष्टीच्या वाटेत येत असल्याने त्याचा आकार लहान असला तरी नुकसान मोठे असते. उलट फार खोल लेन्सची कड आवळते, तिच्याखाली बुडबुडे अडकतात आणि अश्रूंची ये-जा मंदावते. म्हणून टोकाला हलका स्पर्श ठेवून उरलेला भार कडेकडे वाटणारी बसवणी पुष्कळ तज्ज्ञ पसंत करतात. फ्लोरेसिन या चमकणाऱ्या रंगद्रव्याचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले की ती हिरव्या-काळ्या छटांत दिसते.

अमेरिकेत १९९५ पासून १,२०९ रुग्णांच्या दीर्घ पाहणीत लेन्स वापरणाऱ्यांत असे व्रण अधिक आढळले. तीव्र वक्रता आणि वीसपेक्षा कमी वय हेही धोक्याचे घटक निघाले. मात्र कडक लेन्सची गरज मुळात अधिक उंच शंकूंनाच पडते, तेव्हा सारा दोष लेन्सच्या माथी मारणे रास्त नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने स्वच्छमंडलाची संवेदना बोथट होते; त्यामुळे डोळा दुखत नाही यावरून तो सुरक्षित आहे, असे मानता येत नाही.

पंधरा ते वीस मिलिमीटर व्यासाची स्क्लेरल लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि परिरक्षकविरहित सलाइनच्या थरामुळे टोकाला शिवत नाही. दुपारपर्यंत त्या पाण्यात गढूळपणा येऊन धूसर दिसणे ही तिची नेहमीची तक्रार असते, शिवाय ऑक्सिजनचा पुरवठाही काहीसा घटतो.

मराठवाड्याच्या कोरड्या, धुळीच्या हवेत ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांना ते चोळण्याची सवय लागते आणि चोळण्याचा या विकाराशी घनिष्ठ संबंध आहे. कापूस वेचताना किंवा मळणीवर लेन्सखाली कण गेला तर ओरखडा पडतो. पाण्याचा धोका याहून गंभीर आहे: बोअर, टँकर वा हौदाच्या पाण्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग बरा होण्यास महिनोन् महिने लागतात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या भागात लेन्स धुण्या-ठेवण्याच्या सोल्युशनची बाटली पाण्याइतकीच काटकसरीने वापरली जाणे समजण्यासारखे आहे, तथापि डबी पाण्याने विसळणे किंवा कालचेच सोल्युशन पुन्हा वापरणे डोळ्यावर बेतू शकते.

तपासणीचा पेच निराळा आहे. कडक लेन्स स्वच्छमंडलाला तात्पुरता आपला आकार देते, म्हणून त्याच्या वक्रतेचा नकाशा यंत्राने काढण्यापूर्वी ती एक-दोन आठवडे बंद ठेवावी लागते. लेन्सविना ज्याला बसची पाटीही वाचता येत नाही, असा रुग्ण छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादच्या प्रवासाला लेन्स लावूनच निघतो आणि दवाखान्याच्या दारात ती काढतो. अशा नकाशात शंकू असतो त्याहून सपाट दिसू शकतो आणि चालू असलेली वाढ नजरेतून सुटते.